खेळाडूची कामगिरी आणि आकडेवारी: सोलापुरातील प्रशिक्षक-खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

कबड्डी, खो-खो, क्रिकेट आणि धावण्याच्या प्रशिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. व्यावसायिक संघ ज्या पद्धती वापरतात त्याच इथे सांगितल्या आहेत. फक्त पार्क मैदानावर किंवा तालमीच्या अंगणात एक फोन आणि एक वही घेऊन त्या कशा चालवायच्या, यावर भर दिला आहे.

स्कोअरशीट आम्ही लिहितोच. मग हे डेटा अ‍ॅनालिसिस म्हणजे वेगळं काय?

स्कोअरशीट निकाल सांगते. विश्लेषणात आधी प्रश्न ठरतो, मग नोंद होते. खो-खोचंच घ्या. वर्तमानपत्रात खेळाडूच्या नावापुढे ‘२:१० मि. संरक्षण व ३ गडी’ असं छापून येतं. म्हणजे आकडेवारीची सवय या खेळाला आधीपासून आहे. पण हाच संरक्षक कसा बाद झाला, खांबावर, समोरून सूर मारल्यावर की सीमारेषेबाहेर जाऊन, हे लिहिलं नसेल तर पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून कशाचा सराव करून घ्यायचा ते कळत नाही. वहीत दोनच रकाने वाढवा: ‘कसा बाद’ आणि ‘कोणी बाद केलं’. दहा डाव लिहून झाले की बहुतेक संघांना आपला एखादा ठरलेला कमकुवत कोपरा सापडतो.

सुरुवातीला काय मोजायचं?

तीन गोष्टी पुरे आहेत: रोजच्या सरावाचा भार, आठवड्यातून एकदा उभी उडी, आणि सामन्याची व्हिडिओ-नोंद. ज्या आकड्यावरून उद्याच्या सरावात काहीही बदलणार नाही, तो गोळा करू नका. पहिल्याच महिन्यात चाळीस रकान्यांची शीट बनवणारे संघ तिसऱ्या महिन्यात वही उघडतही नाहीत.

सरावाचा भार यंत्राशिवाय कसा मोजायचा?

सराव संपल्यावर २० ते ३० मिनिटांनी प्रत्येक खेळाडूला विचारायचं, ‘आजचा पूर्ण सराव ० ते १० मध्ये किती जड गेला?’ ० म्हणजे नुसता आराम, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. आलेला आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. ७५ मिनिटांच्या सरावाला ७ सांगितले तर भार ५२५. आठवड्याची बेरीज म्हणजे त्या खेळाडूचा साप्ताहिक भार. ही पद्धत व्यावसायिक क्लबही वापरतात, अगदी जीपीएस (उपग्रहाच्या मदतीने धावलेलं अंतर मोजणारं यंत्र) असताना. कारण यंत्र अंतर सांगतं, पण त्या अंतराने माणूस किती दमला ते सांगत नाही.

बिघडतं ते विचारण्याच्या पद्धतीत. शेवटची धाव संपल्या संपल्या विचारलं तर सगळे ९ म्हणतात, कारण त्या क्षणी फक्त ती धावच आठवत असते. गोलात उभं करून विचारलं आणि कर्णधार ‘सहा’ म्हणाला, की पुढचे सगळे सहाच. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन विचारा किंवा फोनवरच्या फॉर्ममध्ये भरायला लावा. संघाची निवड करणाऱ्या माणसाने शक्यतो हे विचारूच नये. ‘जड गेलं’ म्हटलं तर बाहेर बसावं लागेल, हे मुलांना लगेच कळतं.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच संघात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं असतात. ३ म्हणजे ‘मध्यम’ आणि ५ म्हणजे ‘जड’ हे शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत एकदा ठरवा, त्याचा छापील तक्ता करा आणि तो वर्षभर बदलू नका. तक्ता बदलला की आधीच्या आकड्यांशी तुलना संपली.

मिनिटं कुठून कुठपर्यंत धरायची? वॉर्म-अपच्या सुरुवातीपासून शेवटचा व्यायाम संपेपर्यंत, मधल्या पाण्याच्या सुट्टीसह. सुट्टी वगळली तरी चालेल, पण मग ती नेहमीच वगळा.

‘या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी’ हे गुणोत्तर १.५ च्या वर गेलं की दुखापत होते म्हणतात. खरं आहे का?

हे गुणोत्तर खूप लोकप्रिय झालं. ०.८ ते १.३ म्हणजे सुरक्षित, १.५ च्या वर धोका, असे आकडेही सगळीकडे फिरतात. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले. त्यातला एक तर वहीतल्या आकड्यांवरच तपासता येतो.

समजा चार आठवड्यांचे भार १८००, २०००, १९०० आणि २१०० आहेत. सरासरी १९५०. या आठवड्यात भार २९०० झाला. गुणोत्तर १.४९, म्हणजे जवळजवळ धोक्याची रेषा. आता चालू आठवडा सरासरीतही धरला (बरीच अ‍ॅप तसंच करतात), तर शेवटचे चार आठवडे २०००, १९००, २१००, २९०० असे होतात. सरासरी २२२५ आणि गुणोत्तर १.३०. खेळाडू तोच, आठवडा तोच, आणि आता तो ‘सुरक्षित’! ज्या आकड्याचा निकाल हिशेबाच्या रीतीवर उलटतो, त्याच्या भरवशावर कोणाला खेळवायचं ते ठरवू नये.

मग करायचं काय? चार-सहा आठवड्यांच्या भाराचा साधा आलेख काढा आणि अचानक उड्या कुठे आहेत ते पाहा. बहुतेक उड्या सुट्टीनंतर येतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, होम मैदान आणि आजूबाजूचा परिसर गर्दीने भरलेला असतो, सराव विस्कळीत होतो. त्यानंतर ‘राहिलेलं भरून काढू’ म्हणून दुप्पट सराव घेतला की फेब्रुवारीत पोटरी आणि मांडीचे स्नायू धरू लागतात. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा नेहमीच्या भाराच्या साधारण निम्म्यावर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करा. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, पण त्या गुणोत्तराहून जास्त उपयोगी.

आणि ज्या दिवशी नोंद झाली नाही, त्या चौकटीत शून्य टाकू नका, चौकट मोकळी ठेवा. शून्य म्हणजे विश्रांती. मोकळी चौकट म्हणजे माहिती नाही.

फोनवर उडी मोजता येते का?

येते, आणि चांगली येते. उडीची उंची हवेत राहिलेल्या वेळावरून निघते: वेळ सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, १.२२६ ने गुणा, उंची मीटरमध्ये मिळते. ०.५ सेकंद हवेत म्हणजे ०.३०७ मीटर, सुमारे ३१ सेंटिमीटर.

फोन जमिनीलगत, खेळाडूपासून दीड-दोन मीटरवर, पावलं स्पष्ट दिसतील असा ठेवा आणि स्लो मोशन २४० फ्रेमवर (सेकंदाला २४० चित्रं) लावा. खेळाडूचे हात कमरेवर. खाली वाकून लगेच वर उडी, हवेत गुडघे सरळ, उतरताना चवडे आधी. पाय जमिनीवरून सुटल्याची फ्रेम आणि परत टेकल्याची फ्रेम शोधा, मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. १२० फ्रेम म्हणजे ०.५ सेकंद. अशा तीन उड्या घेऊन सरासरी लिहा.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर मोजणं. ३० फ्रेममध्ये एका फ्रेमची चूक म्हणजे ३१ सेंटिमीटरच्या उडीत तब्बल ४ सेंटिमीटरची चूक. २४० फ्रेममध्ये तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. दुसरा, काही फोन स्लो मोशनची फाइल ३० फ्रेमची म्हणून साठवतात, त्यामुळे प्लेअरमध्ये दिसणारी वेळ आठपट निघते. वेळ वाचू नका, फ्रेम मोजा. काही स्वस्त फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात. सलग दोन-दोन फ्रेम हुबेहूब सारख्या किंवा धूसर दिसल्या तर तो फोन या कामाचा नाही. तिसरा घोळ खेळाडूच करतो: उतरताना गुडघे पोटाशी घेतो, हवेतला वेळ वाढतो आणि उडी खोटी उंच दिसते.

आता खरा प्रश्न. गेल्या आठवड्यात ३४, या आठवड्यात ३३. दमलाय का? हे सांगायला आधी मोजणीची चूक माहीत हवी. दहा खेळाडूंची उडी दोन ताज्या दिवशी मोजा, प्रत्येकाचा फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन (फरक किती विखुरलेत त्याचं माप, शीटमध्ये STDEV) काढून १.४१ ने भागा. उत्तर १.५ सेंटिमीटर आलं, तर एका सेंटिमीटरची घट म्हणजे काहीच नाही. तीन सेंटिमीटर कमी आली तर मात्र झोप, जेवण, अंगदुखी यांची चौकशी करा. ही चूक-चाचणी न करता उड्या मोजत बसणारे संघ फार आहेत, आणि त्यांच्या आलेखातले निम्मे चढउतार नुसते मोजणीचे असतात.

कबड्डीसाठी जीपीएसचे जॅकेट घ्यावेत का?

नाही. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर, चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या जागेतल्या वळणांसाठी, हुलकावण्यांसाठी जीपीएसची अचूकता पुरत नाही, आणि छताखाली तर उपग्रहाचा सिग्नलच मिळत नाही. फुटबॉल, हॉकी, क्रिकेटचं क्षेत्ररक्षण यांत ते कामाचं. कबड्डीत पैसा घालायचाच तर चांगला स्टँड आणि जास्त साठवण असलेला फोन घ्या.

मग कबड्डीच्या सामन्याचं विश्लेषण कसं करायचं?

फोन अंतिम रेषेच्या मागे, निदान तीन मीटर उंचीवर, दोन्ही अर्धी मैदानं दिसतील असा लावा. बाजूने चित्रण केलं तर कोपरारक्षक मध्यरक्षकांच्या आड जातात आणि पकड कोणी सुरू केली तेच दिसत नाही. साधं १०८० दर्जाचं चित्रण पुरतं. ४ ते ८ जीबी जागा मोकळी ठेवा, पॉवर बँक जोडा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. उत्तरार्धात कोणाचा तरी फोन येतो आणि चित्रण थांबतं, हा प्रकार जितका हास्यास्पद तितकाच नेहमीचा.

नंतर गूगल शीटमध्ये एका चढाईला एक ओळ. रकाने असे: वेळ, चढाईपटू, समोर किती बचावपटू, ही पहिली-दुसरी की तिसरी चढाई, त्या क्षणी गुणांचा फरक, कोणत्या बाजूला शिरला, निकाल, गुण कशाने (हात, पाय, बोनस), आणि पकड झाली असेल तर कोणी व कशाने (चवडा, पट, ब्लॉक, डॅश, साखळी). ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० ओळी होतात. सुरुवातीला तीन तास लागतील, सवयीने दीड.

‘समोर किती बचावपटू’ हा रकाना कधीही गाळू नका. सहा किंवा सात असतील तरच बोनस (बोनस रेषा ओलांडण्याचा गुण) मिळतो. तीन किंवा कमी असतील तर पकड झाल्यावर बचाव करणाऱ्यांना एक गुण जादा. म्हणजे सात जणांसमोरची चढाई आणि तिघांसमोरची चढाई हे दोन वेगळे व्यवहार आहेत, दोन्ही एकाच टक्केवारीत मिसळले की चित्र बिघडतं. तसंच दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ज्याच्या वाट्याला सतत तिसरी चढाई येते त्याची टक्केवारी खराब दिसणारच. त्यात त्याचा दोष नसतो, त्याच्यावर टाकलेल्या कामाचा असतो.

चढाईपटूची तुलना ‘चढाईमागे निव्वळ गुण’ काढून करा: आणलेले गुण वजा पकडीत दिलेले गुण, भागिले एकूण चढाया. एकाने २० चढायांत ९ गुण आणले पण ७ वेळा पकडला गेला: निव्वळ ०.१०. दुसऱ्याने २० चढायांत ६ गुण आणले आणि २ वेळाच पकडला गेला: ०.२०. टाळ्या पहिल्याला मिळतात. पण सात वेळा तो बाहेर बसला, त्या वेळात संघ एक गडी कमी घेऊन खेळला, आणि लोण बसला (अख्खा संघ बाद झाला) तर आणखी दोन गुण गेले.

सामन्याची नोंद एकदा दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्या. ८० पैकी ७० हून कमी ओळी जुळल्या तर व्याख्या ढिल्या आहेत. भांडण बहुतेक ‘पकड सुरू कोणी केली’ यावर होतं. पहिला स्पर्श करणारा की ज्याच्यामुळे चढाईपटू थांबला तो, हे लेखी ठरवा.

किती चढाया झाल्यावर खेळाडूबद्दल बोलता येतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. २० चढायांत ८ यशस्वी, म्हणजे ४० टक्के. एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने साधारण २० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे खरी क्षमता २० ते ६० टक्क्यांत कुठेही असेल. १०० चढायांत ही मर्यादा १० टक्क्यांवर येते. दोन सामने चांगले गेले म्हणून ‘फॉर्मात आला’ आणि पुढचे दोन वाईट गेले म्हणून ‘डोक्यात हवा गेली’, यातलं बरंचसं नुसतं सरासरीकडे परतणं असतं, म्हणजे फार चांगल्या किंवा फार वाईट सामन्यांनंतर आकडे आपोआप नेहमीच्या पातळीवर येतात. त्याचं श्रेय नव्या व्यायामाला देऊ नका आणि खापर मोबाइलवर फोडू नका. (मोबाइलने झोप बिघडते, पण तो वेगळा मुद्दा.)

वेगवान गोलंदाजांसाठी काय लिहायचं?

षटकं नको, चेंडू मोजा, आणि नेट्समधले आधी मोजा. सामन्यात चार षटकं म्हणजे २४ चेंडू, पण आदल्या दिवशी नेटमध्ये कोणी ९० टाकून गेलेला असतो आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्ण वेगाने टाकलेले आणि सावकाश टाकलेले चेंडू वेगळे धरा. टी-२० खेळणारा मुलगा अचानक तीन-चार दिवसांच्या सामन्यात उतरतो, तिथे खरा धोका असतो. फार जास्त गोलंदाजीनंतरची दुखापत त्याच दिवशी दिसतेच असं नाही, पुढच्या तीन-चार आठवड्यांत वर येते. म्हणून ‘सामना झाला, काही दुखलं नाही, म्हणजे ठीक’ हा निष्कर्ष घाईचा. १९ वर्षांखालच्या मुलांच्या पाठीच्या बाबतीत तर फार घाईचा. कंबरेत एका बाजूला दुखतंय आणि मागे वाकल्यावर वाढतंय, असं म्हणाला की वही बंद करून डॉक्टरकडे.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या पुढे असतो. त्याची नोंद कशी घ्यायची?

प्रत्येक सरावासमोर सुरुवातीची वेळ आणि तापमान लिहा. नाहीतर मे महिन्यात सगळ्यांची धाव मंदावलेली दिसते आणि प्रशिक्षक तंदुरुस्तीला दोष देत बसतात. उन्हाळ्यात चाचण्या सकाळी सहाच्या सुमारासच घ्या. जूनच्या पावसाळी सकाळची तुलना मेच्या सायंकाळशी करू नका.

घामाचा हिशेब सोपा आहे. सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन. सरावानंतर अंग पुसून पुन्हा वजन. मधे किती पाणी प्यायलं ते मोजून लिहा. आधी ६८.४ किलो, नंतर ६७.२, मधे ६०० मिली पाणी, वेळ ७५ मिनिटं. एकूण घाम १.८ लिटर, म्हणजे तासाला सुमारे १.४ लिटर. वजनातली घट १.८ टक्के. २ टक्क्यांच्या वर घट वारंवार जात असेल तर मधलं पाणी वाढवा. उलट कोणाचं वजन सरावानंतर वाढलेलं दिसलं तर तो गरजेपेक्षा जास्त पितोय, आणि तेही धोक्याचं. वजनकाटा घट्ट फरशीवर ठेवा, मातीवर किंवा मॅटवर किलोभराचा फरक सहज पडतो.

यो-यो चाचणी घ्यावी का?

वर्षातून तीन-चारदा, जरूर. २० मीटर जाऊन परत, मग १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. भारतीय क्रिकेट संघासाठी जी १६.१ ची पातळी गाजली, ती म्हणजे धावलेलं अंतर ११२० मीटर. अंतराला ०.००८४ ने गुणून ३६.४ मिळवले की प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेचा अंदाज मिळतो: इथे ४५.८. तो अंदाजच आहे, दोन खेळाडूंत ४५ आणि ४६ असा भेद करू नका. काळ्या मातीवर पाऊस पडून गेल्यावर घेतलेली चाचणी आणि सिमेंटवरची चाचणी एका तक्त्यात घालू नका.

स्मार्टवॉचच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

आरामातले हृदयाचे ठोके ठीक. जोरात धावताना, हात झटकताना मनगटावरची मोजणी घसरते, तिथे छातीचा पट्टा लागतो. ठोक्यांमधल्या अंतराची सकाळची मोजणी घ्यायची तर रोज उठल्याबरोबर, एकाच स्थितीत, आणि सात दिवसांची सरासरी पाहा. घड्याळाचा ‘रिकव्हरी ६३ टक्के’ हा कंपनीच्या गुप्त सूत्रातून येतो, त्याचं काय करायचं ते कंपनीही सांगत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं?

गूगल शीटने दोन वर्षं निघतात. हालचालींचे कोन आणि फ्रेम पाहायला किनोव्हिया, विंडोजवर मोफत. पुढे आवड असेल तर आर किंवा पायथन या संगणकीय भाषा. तारखा एकाच पद्धतीने लिहा आणि खेळाडूला नावाऐवजी क्रमांक द्या. ‘सचिन’, ‘सचिन प.’ आणि ‘सच्या’ हे शीटला तीन वेगळे खेळाडू वाटतात.

मुलांची माहिती ठेवताना परवानगी लागते का?

लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तो पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवतो. कायद्यापलीकडचं पथ्यही पाळा: वजन, दुखापत, मुलींच्या पाळीच्या नोंदी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. शीट उघडण्याचा अधिकार दोघांकडेच ठेवा.

आमचे सर जुन्या वळणाचे आहेत, आकडे वाचत नाहीत. काय करावं?

दहा पानांचा अहवाल कोणीच वाचत नाही, जुन्या वळणाचे असोत की नव्या. अर्ध पान द्या: तीन ओळी, एक आलेख. ‘डाव्या कोपऱ्यावर गेल्या पाच सामन्यांत ३१ चढाया झाल्या, १९ गुण गेले. उजव्यावर २८, गेले ९.’ एवढंच, आणि त्या १९ गुणांचे व्हिडिओ तुकडे. सरांनी मैदानावर जे पाहिलंय ते आधी विचारा. बऱ्याचदा त्यांच्या मनातला संशय तपासून देणं हेच विश्लेषकाचं सगळ्यात उपयोगी काम असतं. सामन्याच्या मध्यंतरात एकच मुद्दा सांगा, दोन नको.

उद्या सामना आहे आणि मुख्य खेळाडूचे आकडे खराब दिसतायत. बसवायचं का?

आधी मोजणी तपासा: तोच फोन, तीच वेळ, तीच जागा होती का? उडी परत घ्या. तरीही घट मोजणीच्या चुकीच्या दुप्पट असेल, तर त्याला विचारा: झोप किती झाली, कुठे दुखतंय, ताप आहे का, परीक्षा आहे का. दुखत असेल तर निर्णय डॉक्टर किंवा फिजिओचा, शीटचा नाही. नुसता थकवा असेल तर आजचा सराव २०-२५ मिनिटांचा हलका घ्या आणि उद्या त्याच्या चढाया वाटून द्या: पहिल्या सत्रात तिसऱ्या चढाईला दुसऱ्याला पाठवा, बदली खेळाडू गरम करून ठेवा. आणि तो कसा खेळला ते सामन्यानंतर त्याच ओळीत लिहा. खराब आकडे असतानाही तो चांगला खेळला असेल, तर ती नोंद पुढच्या वेळी जास्त कामाला येईल.